सहा वासे

मेंढ्यांना कुरण हवं होतं, म्हणून माणसं उठवायची. जमीनदारसाहेबांचा हा साधा हिशेब पाद्रीबुवांनी रविवारी देवाच्या तोंडी घातला. म्हणाले, तुमच्या पापांची शिक्षा आहे ही. त्यांचं स्वतःचं घर मात्र शाबूत राहणार होतं.

मार्सलीचा नवरा साहेबांच्याच पलटणीत परमुलखात मेला होता. घरात ती आणि सासू ओरिक, दोघीच. साहेबांचा कारभारी माणसं आणि मशाली घेऊन दारात आला, तेव्हा मार्सली म्हणाली, "जमीन ठेवा, भिंती ठेवा. वासे तेवढे नेऊ द्या."

स्कॉटलंडच्या त्या टोकाला झाड औषधालाही सापडत नाही. हे वासे सासऱ्यानं दलदलीतून खणून काढलेल्या जुनाट लाकडाचे होते. वासे असले की कुठंही दगड रचून घर उभं करता येतं. कारभाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर मेला आधी वासेच जाळायचा.

"साहेबांच्या पलटणीतल्याची विधवा म्हणून अर्धा तास," तो म्हणाला. "आणि त्या थेरडीला बाहेर काढ."

मार्सलीनं सासूला पाठीवर घेऊन बाहेर आणलं, मग छप्पर उसकटलं. सहा वासे हाती लागले. शेजारच्या एखननं आपल्या तट्टावरून दोन खेपांत म्हातारी आणि वासे उठवलेल्यांना नेमून दिलेल्या समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यावर पोचवले. "दोन दिवस कळ काढ," तो म्हणाला. "भावाला घेऊन येतो. घर उभं करू."

त्याच दुपारी गारठ्याचा पाऊस लागला. डोक्यावर एक घोंगडी. दलदलीतून काढून वाळवलेल्या जळाऊ मातीचे ढीग तिकडे खोऱ्यात राहिलेले, इथं किनाऱ्यावर लाकडाची ढलपीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारीचे ओठ निळे पडले. मार्सलीनं कुऱ्हाड उचलली.

"खबरदार भवाने! माझ्या लेकाचं घर आहे ते!"

"तुमचा लेक गेला, आई. तुम्ही तरी राहा."

लाकडात राळ मुरलेली, भडाभडा पेटलं. ओरिकनं सुनेला यथेच्छ शिव्या दिल्या आणि हात शेकायला पुढे केले. तिसऱ्या वाशाला तिचा चेहरा निवळला. "ऊब आली गं पोरी," म्हणाली आणि कुशीवर वळली. ती झोपली म्हणून मार्सलीला केवढं बरं वाटलं! आग विझू नये म्हणून ती एकेक तुकडा सारत राहिली.

सकाळी एखन आणि त्याचा भाऊ दोरखंड घेऊन आले.

"वासे कुठं गं?"

मार्सली राखेपाशी बसून होती. "आई गेली," ती म्हणाली.

एखननं टोपी काढली. "तू करायचं ते केलंस, पोरी."

"तिसऱ्या वाशालाच गेली रे ती. उरलेल्या तिन्हींवर खोपट झालं असतं. मी हात लावून बघितलंच नाही."