नारळाची मागची वाट

त्या वर्षी पावसानं वऱ्हाडाकडे अशी पाठ फिरवली, की सोयाबीन गुडघ्याच्या वर यायलाच लाजलं. पण दर्यापूरच्या रस्त्यावरच्या त्या मारुतीपुढे नवसाच्या नारळांचा एवढा ढीग पडू लागला, की मारुतीला शेपटी आवरून बसावं लागे. समोरचे नारळवाले उत्तमराव तर उघड म्हणत, "हवामानखात्याचं चुकलं का आपली दिवाळी!"

खंत एकच. कडुनिंबाची सावली पडे ती शेजारच्या महादेवरावांच्या नारळाच्याच दुकानावर, आणि उत्तमराव उन्हात. ऊन तरी कसं? एका गिऱ्हाइकानं नारळ फोडला, तर आतलं पाणी उकळत होतं. त्यानं त्यात चहापत्ती मागितली.

रस्त्यापलीकडे दानिशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दानिश अकोल्याहून इंजिनिअर होऊन आलेला. दिवसभर लोकांचे फुटके स्क्रीन बदलायचा आणि फावल्या वेळात कॉम्प्युटरवर खेळ बनवायचा. त्याचा नवा खेळ एक कटिंग चहा संपेपर्यंत आटपणारा, पण भलता विचित्र. खेळणाऱ्यानं व्हायचं पाय फुटलेला नारळ. या नारळानं आभाळातून उलट्या लोंबणाऱ्या पायऱ्या चढायच्या. वाटेत देव भेटत. एक नुसताच कान, एक नुसतंच तोंड, एक आपलीच घंटा गिळून बसलेला. देव कोणत्या धर्माचे, ते दानिशलाही सांगता येत नव्हतं.

महादेवराव घंटेच्या देवापाशी अडकले आणि चिडून उठले. "याले शेवटच नाई बे."

"देवाले कसं पटवावं, हे मायाकडून शिका," उत्तमराव फुशारले. "मी शेवट करून दाखवतो."

"केला तं निंबाखालची जागा तुयी. नाई केला तं तू चपलाच्या स्टँडापाशी बसजो."

"हाव!" म्हणत उत्तमरावांनी पैज घेतली.

शनिवारी दुपारी आरती आटोपून सगळी गर्दी दानिशच्या दुकानात शिरली. पुढेच पार्वताबाई उभ्या होत्या. सुनेच्या बाळंतपणासाठी त्यांनी सकाळीच उत्तमरावांकडचा नारळ घेऊन, त्यावर कुंकवाचं बोट ओढून, मारुतीला वाहिला होता.

उत्तमराव कानाच्या देवापाशी थांबलेच नाहीत. "हा ऐकत नाई, चाला पुढं." तोंडाच्या देवाला त्यांनी प्रसाद म्हणून चप्पल दिली; त्यानं ती चावत चावत वाट सोडली. घंटावाल्याच्या पाठीत अशी थाप हाणली, की घंटा बाहेर, आणि देव ढेकर देत बाजूला. वर एका देवळापुढं काळा दगड होता. त्यावर अक्षरं उमटली: फूट.

एक बटण दाबायचं बाकी. महादेवरावांचा चेहरा पडला.

पण उत्तमरावांचं बोट अडलं. अख्खा, टणटणीत नारळ. तो काय फोडायचा? बोट सवयीनं बाणाकडे सरकलं आणि नारळ दगडाला वळसा घालून देवळामागं निघाला.

"काका, तिकडं काहून? तिकडं म्या काईच बनवलं नाई!"

"अबे, मागून दार असतेच," उत्तमराव आता भलतेच रंगात आले होते. "पुजारी अख्खे नारळ मागून काढते, पोत्यात भरते, दुपारी पुन्हा आपल्या दुकानात. तुले इंजिनिअर कोनं केलं बे?"

आणि खरंच दार निघालं. आत कान, तोंड आणि घंटावाला उकिडवे बसून बिडी ओढत होते. त्यांच्या पाठी रंगवायच्या राहिलेल्या. आपण हे कधीच काढलं नव्हतं, अशी शपथ दानिश आजही खातो.

पण तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"उत्तमराव," पार्वताबाई म्हणाल्या, "मंग माया नारळ कुठी हाय?"

"बाई, हा खेळ आहे, खेळ."

"म्या खेळाचं नाई विचारून राहिली."

त्या ताडताड रस्ता ओलांडून उत्तमरावांच्या दुकानात गेल्या आणि परत आल्या. हातात नारळ; कुंकू पुसलेलं, पण अर्धवट. तो त्यांनी कीबोर्डशेजारी आदळला. "पयले थो खेळातला फोड. मंग हा."

उत्तमरावांनी खेळातला नारळ दगडापाशी परत आणला आणि बटण दाबलं. नारळ फुटला. आत खोबरं नाही, पाणी नाही. नुसता पांढरा उजेड. समाप्त.

"आतमंधी काईच नाई?" कोणीतरी विचारलं.

"मंग उत्तमरावाच्याच दुकानातला असन," पार्वताबाई म्हणाल्या.

पैज मात्र जिंकली होती. महादेवराव त्याच संध्याकाळी चूपचाप उन्हात सरकले. आपल्या नारळांची चौकशी होण्याआधी हललेलं बरं. उत्तमराव निंबाखाली बसले. सावली गार, पण बसायला फुरसत कुठली? आता प्रत्येक बाई म्हणते, "इथंच फोडा, आमच्या डोयापुढं." दिवसभर फोडून फोडून त्यांचे खांदे उतरले. देवळाचं मागचं दार रिकामं पडलं आणि पुजारी रामरामही घेईना.

शेवटी उत्तमराव दानिशकडे आले. "अबे, त्या खेळात मागून एक भिंत घालून दे ना."

"आता कसं जमन, काका?" दानिश म्हणाला. "पार्वताबाई रोज येते. दगडाकडं पायतसुद्दा नाई. मागं जाते अन् देवाईच्या तोंडातल्या बिड्या काढून त्याईले पावसाचा जाब विचारत बसते."