पाळलेलं गिराण

आमचं हे, म्हंजी बापूसाहेब, मांडवगणचं नावाजलेलं लेखक. त्यांच्या गोष्टींत साधी माणसं कवाच न्हाईत. सूर्य, चंद्र, आन् कुठल्या कुठं फिरणारं तारं! पुण्यात बुकं छापली, शाली मिळाल्या. मी म्हणायची, "आभाळ राहू द्या, आधी दळण आणा."

सून अनुपमा मात्र त्या बुकांवर जीव टाकायची. पंच्याण्णवच्या दिवाळीत सकाळीच गिराण लागलं, तवा ती पोटुशी. मी बजावलं, "गिराण पाळ. आत अंधारात बस, इळीला हात लावू नको."

ह्यांनी लगेच आपलंच बुक उघडून दाखवलं. "ग्रहण म्हणजे निव्वळ सावली. सावली पोटात शिरत नसते." अनुपमा हसली, आन् अंगणात बसून भाजी चिरली.

पोरगी झाली ती वरचा ओठ आन् टाळू फाटलेला घेऊन. दूध वढता येईना, पाजलं तर नाकातनं बाहेर. नाव ठेवलं प्रगती. बारशानंतर महिन्यातच गेली. डॉक्टर म्हणला, आईचा काय दोष न्हाई. पण गाव ऐकतंय व्हय? "सुनेनं गिराण पाळलं न्हाई." मीबी तेच म्हणलं. ह्यांनी तरी तोंड उघडायचं, तर मूग गिळून बसले. लिहिणंबी थांबलं.

नव्याण्णवला तिला पुन्हा दिवस गेले, आन् आखाडाच्या अवसेला पुन्हा गिराण. तिचा नवरा, आमचा रविराज, सणसवाडीला ड्यूटीवर. माझ्या आधी हेच उठले. इळी, सुया, कात्री उचलून ठेवली. अनुपमाला खोलीत बसवलं, आन् भायरनं कडी लावली.

आतनं आवाज आला, "मामा, सावली पोटात शिरती का?"

ह्यांनी कडी ओढून बघितली.

"मामा, मग माझी प्रगती मीच मारली का?"

अगं आई गं! गिराण मानणारी मी, पण मलाबी वाटलं, आता तरी ह्यांनी न्हाई म्हणावं. मी वरडले, "बोला की! एवढं ब्रह्मांड लिहिलंत, एक न्हाई निघंना व्हय तोंडातनं?"

हे कडीवर हात ठेवून उभे. गिराण सुटंस्तोवर तसेच.

पोरगा झाला, धडधाकट. गाव पेढं खायला लोटलं. "बघा, ह्या खेपेला पाळलं!" हेबी व्हय म्हणून मान डोलवत होते.

अनुपमा पोराच्या ओठावरनं बोट फिरवत बसलेली. मी पेढा तिच्या तोंडापाशी नेला.

"मामांचं उत्तर मिळालं, आत्याबाई," ती म्हणली, आन् तोंड फिरवलं.