चौथा खिळा

समोरच्या खोलीत सात खुर्च्या होत्या. त्यांतल्या तीन शेजारून मागून आणलेल्या. टीपॉयवर पाण्याचे सहा ग्लास, एका ताटलीत लिंबाच्या नऊ फोडी. दाराशी दोन हेल्मेटं. भिंतीवर चार खिळे आणि तीन चौकटी: गजानन महाराज, आजोबा आणि मधुकररावांचा निवृत्तीचा सत्कार. चौथ्या खिळ्याखाली रंगाचा एक आयत उरला होता, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ, साधारण वीतभर रुंद.

त्या जागी मोठ्या मुलीचा, भूमिकाचा, एम.बी.ए.च्या पदवीदानाचा फोटो होता. अंगात काळा झगा, हातात गुंडाळी. जावई घरी यायचे असले की मधुकरराव तो काढून लोखंडी कपाटामागे सरकवत. चार वर्षं हे चाललं होतं. आता कुणी काही बोलतही नसे.

कारण साधं होतं. समाजात मुलीचं शिक्षण मुलापेक्षा जास्त चालत नाही. भूमिकाला खापरखेड्याचं स्थळ आलं तेव्हा जितेंद्र बी.कॉम. होता आणि भूमिका एम.बी.ए. झाली होती. मधुकररावांनी बायोडेटावर तिला बी.कॉम. केलं. मधली दोन वर्षं ती अमरावतीला मावशीकडे होती, एवढंच सगळ्यांना सांगितलं. ते खोटंही नव्हतं. मावशीच्या घरून कॉलेज चार चौक दूर होतं.

आज धाकटी वैभवी दाखवायची होती. मुलगा पियुष, जितेंद्रचा मावसभाऊ, हिंगण्याला एका कारखान्यात सुपरवायझर, बी.एस्सी. वैभवीही बी.एस्सी. इथवर सगळं जुळत होतं.

जुळत नव्हतं ते एकच. वैभवी बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात, रंगाच्या प्रयोगशाळेत काम करी. तीन वर्षांत तिनं पाहिलं होतं की लॅबमध्ये रंग बरोबर निघतो आणि वरच्या मजल्यावर चुकीच्या क्रमानं लावलेल्या ऑर्डरींमुळे कापडाचे आख्खे ताके वाया जातात. तिनं साहेबांना विचारलं, हे नियोजन मी करू का? साहेब म्हणाले, त्याला मॅनेजमेंटची डिग्री लागते. एम.एस्सी. केलं असतं तर पुन्हा तीच लॅब. म्हणून तिनं एम.बी.ए.ची प्रवेश परीक्षा दिली. सीट लागली. उद्या, सोमवारी, कॉलेजात जाऊन ती पक्की करायची होती.

"उद्याचं उद्या पाहू," मधुकरराव सकाळी म्हणाले होते. "आज कोणी विचारलं तर पुढे शिकाचं नाही, असं सांगजो."

"खोटं काहून सांगू बाबा?"

त्यांनी आवाज खाली आणला. "कारण तू तोंड उघडलं, का गोष्टीतून गोष्ट निघते. तुझ्या ताईचंही निघते. मग ते घर मोडलं तर तू जबाबदार."



स्वयंपाकघरात भूमिका पोह्यांवर तर्रीचा झणझणीत रस्सा घालत होती. बाहेर जितेंद्र खोकला आणि तिच्या हातातला डाव भांड्यावर आपटला.

"ताई, तू इतकी काहून घाबरते वं?"

"घाबरत नाही. सवय आहे." भूमिकानं दाराकडे पाहिलं. "यांच्या ऑफिसची इंग्रजी पत्रं येतात ना, तर मले वाचाले लावतात. मी मुद्दाम अडखळतो. मग ते हसतात, दुरुस्त करतात, जेवण नीट होते."

"आणि नाही अडखळली तर?"

"एकदा नाही अडखळली. पूर्ण पान वाचून काढलं, ध्यानातच नाही राहिलं. हे काही बोलले नाही. फोन काढून घेतला माझा. आठ दिवस रोज पाहत होते, मी कोणाशी बोलतो, कोण शिकवून राहिलं. रात्री लाईट लावून विचारत, सांग, कुठं शिकली?" तिनं डाव पुसून ठेवला. "तेव्हापासून मी दुकानाच्या पाट्याही मनातल्या मनात वाचतो."

"जास्त शिकली, एवढ्यासाठी?"

"जास्त नाही. त्यांच्याहून जास्त."

त्यांची आई, प्रमोदिनी, ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तिनं कोथिंबीर निवडणं थांबवलं नाही; फक्त निवडलेल्या काड्या पुन्हा पानांत टाकू लागली.

बाहेर पियुषची आई, इंदुताई, खुर्चीत ऐसपैस बसल्या होत्या. "बाप्पा, पोहे झक्कास! कोणी केले, पोरीनं का आईनं?"

"पोरीनंच," मधुकरराव घाईनं म्हणाले.

वैभवी समोर बसली. नाव, नोकरी, शिफ्ट, स्वयंपाक, सगळं विचारून झालं. पियुष खाली पाहत होता, त्यानं एकदाच विचारलं, "तुमच्या लॅबमध्ये शेड एकदम जुळते का?" आणि तिनं "पहिल्यांदा कधीच नाही" असं सांगितल्यावर तो हसला.

इंदुताईंनी बशी खाली ठेवली. "एक विचारतो, राग नको मानू. पुढे आणखी शिकाचं डोक्यात नाही ना? आमचा पियुष बी.एस्सी. आहे. बायको वर गेली का घरात दोन हेडमास्तर होतात, अन् पोट्टा बिचारा मुकाट वर्गात बसते."

जितेंद्र मोठ्यानं हसला. "मावशी, ते टेन्शन या घरात नाही. आमचीच पाहा ना! बी.कॉम. म्हणे. इंग्रजीची एक ओळ वाचाले पाच मिनिटं लागतात. पण घर सांभाळते का नाही मस्त?"

सगळे हसले. दारात चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली भूमिकाही हसली. ठरल्या वेळी, ठरल्या आवाजात. वैभवीनं ते हसू ऐकलं आणि तिला चार वर्षांनंतरची ती स्वतः दिसली, कुठल्याशा स्वयंपाकघरात एक पान अडखळत वाचणारी.

"बोल ना वं," इंदुताई म्हणाल्या.

मधुकररावांची नजर वैभवीवर होती. खरं सांगितलं तर ताई गेली. "नाही," ती म्हणाली. "पुढे शिकायचं..."

"तिची सीट लागली आहे."

ट्रे टीपॉयवर टेकला होता. कप किणकिणत होते, कारण भूमिकाचे हात अजून ट्रेवरच होते. "एम.बी.ए.ले. उद्या जाणार आहे पक्की कराले."

"भूमिका!" मधुकरराव अर्धवट उठले.

"तुले काय समजते वं त्यातलं?" जितेंद्र अजून हसतच होता. "जा, साखर आण."

"समजते. मी केलं आहे."

ती आतल्या खोलीत गेली. कपाट घासल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या छातीशी फोटो होता आणि काचेवर धूळ.

जितेंद्रनं फोटो हातात घेतला नाही. नुसता पाहिला, बराच वेळ. मग सासऱ्यांकडे वळला. "चार वर्षं?"

मधुकररावांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं.

"मी वाचून दाखवत होतो हिले," जितेंद्र म्हणाला. आवाज इतका शांत होता की भूमिकानं नकळत एक पाऊल मागे घेतलं. "घरी बोलू. हेल्मेट घे."

"नाही."

"हेल्मेट घे म्हटलं."

"आज मी येत नाही." तिचा आवाज फाटला, पण वाक्य पूर्ण झालं. "मले भेव लागते तुमचं."

तो पुढे झाला. वैभवी उठून ताईच्या शेजारी उभी राहिली. कोथिंबिरीच्या हातानंच प्रमोदिनी आतून आली आणि दोघींच्या पुढे उभी राहिली.

"दादा," पियुष म्हणाला, "राहू दे आज. चला."

"तू चूप बस. तुले अशीच पाहिजे का?"

पियुषनं वैभवीकडे पाहिलं, मग आपल्या आईकडे. इंदुताईंनी पर्स उचलली होती. त्यानं जितेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून त्याला दारापर्यंत नेलं, एवढंच. मागोमाग इंदुताईही उतरल्या. खाली मोटारसायकल तीनदा किक मारल्यावर सुरू झाली.

मधुकरराव खुर्चीत बसून राहिले. "मी तर तुझ्या चांगल्यासाठीच..." ते भूमिकाला म्हणाले, आणि थांबले.

भूमिकाचा फोन वाजला. खापरखेड्याहून सासूबाई. तिनं तो उचलला नाही, बंदही केला नाही. तो टीपॉयवर थरथरत पुढे सरकला, थांबला, पुन्हा वाजला. प्रमोदिनीनं दाराची कडी लावली.

"उद्या किती वाजता जा लागते वं?" तिनं वैभवीला विचारलं.

"दहाला."

"मी येतो. ही पण येईल. एकटं कोणी राहाचं नाही."

मधुकरराव उठले. फोटो त्यांनी बाहीनं पुसला. दोरी खिळ्याला अडकवायला त्यांना तीन वेळा हात वर करावा लागला.

वैभवीनं बशा उचलल्या. सहापैकी चार भरलेल्या होत्या. दाराशी एक हेल्मेट होतं. भिंतीवर चार खिळे होते आणि चार चौकटी.