रोजचा एक परदेशी शब्द

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि आपली कहाणी सांगण्याचा मला काही अधिकार आहे की नाही, याचीच मला शंका वाटते. ज्याच्या अंगावरचं सगळं रोज संध्याकाळी पुसलं जातं, त्याच्याजवळ सांगण्यासारखं काय उरणार? तरी एक गोष्ट माझ्या अंगावरून कधी कुणाला पुसता आली नाही. ती म्हणजे माझा मत्सर. तो चांगला गुण नव्हे, हे मला कळतं. पण तो वगळला तर माझ्या आयुष्यात फारसं काही शिल्लक राहत नाही.

माझा जन्म औशाचा. भीमा सुतारांनी सागाच्या फळ्या एकमेकींना जोडून, पाठीमागून पट्ट्या ठोकून मला घडवलं आणि जवळच्याच एका खेड्यातल्या शाळेत पाठवलं. तिथं हणमंत गुरुजी शिकवत. शनिवारी मुली पाला आणि कोळसा दगडावर वाटायच्या आणि त्याचा गार लेप माझ्या अंगाला लावायच्या. त्या वासाची मला अजून आठवण येते.

मग भूकंपाची ती पहाट आली. शाळेची दगडी भिंत माझ्यासकट खाली आली. पहाटेची वेळ असल्यामुळं शाळेत कुणी नव्हतं. घरांत मात्र माणसं होती. त्याविषयी मी जास्त बोलत नाही. तेवढे शब्द माझ्यावर कधी कुणी लिहिलेच नाहीत.

मला ढिगाऱ्यातून काढलं तेव्हा माझा एक कोपरा तुटला होता. औषधाच्या तंबूत मला एका पेटीला टेकवून ठेवलं. काही दिवसांनी जपानहून दोन परिचारिका मदतीला आल्या. त्यांचं बोलणं कुणाला कळेना. लोकांनी हणमंत गुरुजींना पुढं ढकललं.

“बोला की गुरुजी त्यांच्यासंगं. तुमी शिकलेले हाव.”

“अहो, मला इंग्रजीसुद्धा धड येत नाही,” गुरुजी म्हणाले.

“इंग्रजी काय अन् दुसरं काय! परदेशी समदं एकच की!”

गुरुजींचे कान लाल झाले. मूळचे ते बुजरे. तेवढ्यात त्यातल्या एका परिचारिकेनं खडू घेतला, माझ्यावर एक पेला काढला आणि त्याच्याखाली एक अक्षर लिहून ती म्हणाली, “मिझु.” गुरुजींनी शेजारी लिहिलं, ‘पाणी’. तिनं “पानी, पानी” असं दोनदा म्हणून पाहिलं. त्या तंबूत इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

ते हसू गुरुजींच्या मनातून गेलं नाही. शाळेला पत्र्याची शेड मिळाली, नवा फळा मिळाला. मला टाकून देणार होते. लातूरला बदली झाली तेव्हा गुरुजींनी मला एसटीच्या टपावर चढवून घरी आणलं आणि ओसरीवरच्या भिंतीला टांगलं. तेव्हापासून रोज सकाळी ते माझ्यावर एक परदेशी शब्द लिहू लागले. रद्दीच्या दुकानातून त्यांनी रशियन, जपानी, फ्रेंच शिकण्याची जुनी पुस्तकं गोळा केली होती.

त्यांची एक रीत होती. संध्याकाळी शब्द पुसायचा. दुसऱ्या दिवशी खडू हातात घेतला की आधी डोळे मिटून कालचा शब्द म्हणायचा. आठवला तरच नवा. नाही आठवला तर तोच पुन्हा. काही शब्द इतक्या वेळा परत यायचे, की मलाच लाजल्यासारखं व्हायचं. त्यामुळं गुरुजींना एकही भाषा सलग बोलता आली नाही. त्यांची त्याबद्दल तक्रारही नव्हती.

त्यांच्या पत्नी शिवकांताबाई तांदूळ निवडताना विचारायच्या, “अवो, रशियाला जाऊन काय इकायचंय तुमाला?”

“काही नाही. उगीच.”

“उगीच म्हंजी?”

“उगीच म्हणजे उगीच.”

दूध घालायला नीलम्मा यायच्या. त्या निलंग्याच्या पलीकडच्या. कॅन खाली ठेवून त्या माझ्याकडं बघायच्या. “गुरुजी, आमचं कन्नड लिवा की येक दिस.”

“ती परदेशी नाही हो, नीलम्मा. इथून बसनं गेलं की सुरूच होते.”

“माझं माहेर सुटलं तवापासून मला तर त्योच परदेश झालाय!”

गुरुजी हसायचे आणि फ्रेंच शब्द लिहायचे. खरं सांगायचं तर मलाही तेच बरं वाटायचं. रोज लांबच्या देशाचा शब्द अंगावर मिरवायची मला सवय झाली होती.

तरी मी सुखी नव्हतो. ओसरीतून आतलं कपाट दिसायचं. त्यातल्या पुस्तकांचा मला फार मत्सर वाटायचा. शब्द पुस्तकांमधून यायचे आणि पुन्हा पुस्तकांमध्येच राहायचे. माझ्यावर ते फक्त दिवसभर पाहुणे. एकदा, फक्त एकदा, एखादा शब्द माझ्यावर कायमचा राहावा, एवढीच माझी इच्छा होती.

दिवस बदलले. लातूरला बाहेरगावची मुलं शिकायला येऊ लागली. आमच्या गल्लीत घर तिथं खोल्या आणि खोली तिथं कॉट झाल्या. समोरच्या इमारतीत क्लास निघाला. तिथला पांढराशुभ्र फळा खिडकीतून दिसायचा. त्याच्यासमोर इतकी मुलं बसायची की दारात चपलांचा ढीग लागायचा. माझ्यासमोर एक शिवकांताबाई आणि त्यांचा तांदूळ. तो पांढरा फळा कधी पाला-कोळशानं सारवला गेला नसेल, असं म्हणून मी मनाचं समाधान करून घ्यायचो. ते फार वेळ टिकायचं नाही.

पण खरा वैरी नंतर आला. गुरुजींच्या मागच्या खोलीत अहमदपूरची ऋतुजा राहायला आली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. निदान तिच्या वडिलांना तसं हवं होतं. पहिल्याच सकाळी ती माझ्यासमोर थांबली.

“आजोबा, हे जपानी आहे ना? मी कोरियन शिकते. फोनवर. कुणाला सांगू नका हं.”

“कशासाठी शिकतेस?”

“उगीच,” ती म्हणाली.

गुरुजींचा चेहरा असा उजळला की मला वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्यांच्या समोर होतो, पण माझ्याकडं पाहून तो तसा कधी उजळला नव्हता.

त्यानंतर क्लास सुटला की दोघं ओसरीवर बसायचे. मधे फोन ठेवलेला. तो शब्द म्हणून दाखवायचा. गुरुजी चुकले तर न कंटाळता पुन्हा विचारायचा, आणि बरोबर आलं की टिंग वाजायचा. टिंग झालं की गुरुजी लहान मुलासारखे मांडीवर थाप मारायचे. मला टिंग करता येत नाही. माझ्यावर फार तर खडू मोडतो.

एके सकाळी गुरुजी शब्द लिहायला विसरले. मग दुसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं. माझ्या तुटक्या कोपऱ्यावर ऋतुजाचा प्रयोगशाळेचा ओला एप्रन वाळत पडू लागला. मी कोरा होतो आणि शेजारीच टिंग, टिंग चाललेलं. त्या फोनचा मी जेवढा द्वेष केला, तेवढा भूकंपाचाही केला नसेल.

एका रविवारी तिचे वडील व्यंकटराव भाकरी-ठेच्याचा डबा घेऊन आले. लेक फोनशी काहीतरी अगम्य बोलत होती.

“डाक्टर व्हायला ठिवलंय तुला, का कोरियाची सून व्हायला?”

“अहो, माझ्यासाठीच चाललं होतं ते,” गुरुजी उठून उभे राहिले.

“गुरुजी, तुमाला चालतंय. तुमचं समदं झालंय. हिचं हे येकच वरीस हाय.” त्यांनी साधा बटणांचा फोन तिच्या हातात दिला आणि तो वाजणारा खिशात घातला.

मला आनंद झाला. थोडा कमी सांगावा असं वाटतं, पण झाला तो भरपूर झाला.

ऋतुजा मात्र मिटून गेली. पुस्तक उघडं, पान तेच. डबा तसाच परत. शिवकांताबाई म्हणाल्या, “पोर वाळून चाललीय. काय तरी करा की.”

गुरुजींनी परसातला घेवड्याचा पाला तोडला, कोळसा घेतला आणि दोन्ही दगडावर वाटलं. एप्रन काढून दोरीवर टाकला. कित्येक वर्षांनी तो गार लेप माझ्या अंगावर आला. मग त्यांनी व्यंकटरावांना फोन लावला आणि चाचरत विचारलं, रोज फळ्यावर एक शब्द लिहिला तर चालेल का?

“येकच ना? फोनबिन न्हाई ना? मग लिवा की. फळ्यानं कुणाचं नुकसान झालंय!”

ते ऐकून मला अपमान वाटला, पण मी गप्प बसलो. मी तसा गप्पच असतो.

दुसऱ्या दिवसापासून ऋतुजा माझ्यावर कोरियन शब्द लिहू लागली. एक गोल, एक उभी रेघ, एक आडवी. गुरुजी डोळे मिटून कालचा शब्द म्हणायचे. ती परीक्षकासारखी हाताची घडी घालून ऐकायची आणि त्यांना आठवला की तोंडानं म्हणायची, “टिंग!” मग दोघं हसायचे आणि ती भौतिकशास्त्र घेऊन बसायची. डबा आता रिकामा जाऊ लागला. मला तेवढ्यात समाधान मानायला हवं होतं. पण ती अक्षरं तिला त्या फोननंच शिकवली होती. प्रत्येक गोलात मला त्याचं तोंड दिसायचं.

परीक्षा झाली. निकाल लागला. तिला नांदेडला कॉलेज मिळालं आणि तिचा फोनही परत मिळाला. जायच्या दिवशी रिक्षा दारात उभी असताना ती धावत आली आणि माझ्यावर मोठ्या अक्षरात लिहून गेली. “तो मन्नायो,” तिनं वाचून दाखवलं. “म्हणजे पुन्हा भेटू.”

संध्याकाळी गुरुजी फडकं घेऊन आले. पण पुसलं नाही. फडकं खुंटीला परत अडकवून आत गेले.

अखेर माझ्यावर एक शब्द राहिला! मी आतल्या पुस्तकांकडं ऐटीत पाहिलं. दुसऱ्या दिवशीही पाहिलं. मग पाहायचं सोडून दिलं. कारण गुरुजी आता खडू हातात घेत नव्हते. शब्द डोळ्यांसमोरच होता, मग आठवायचं काय? ते खुर्चीत बसून माझ्याकडं बघत राहायचे आणि मग न वाचलेला पेपर घेऊन आत जायचे. त्या शब्दावर धूळ बसली. मीही त्याच्याखाली धूळ होत चाललो. पूर्वी कोरा होतो तेव्हा निदान कुणी लिहील अशी आशा होती. भरलेल्या फळ्याला तीही नसते.

एकदा नांदेडहून तिचा फोन आला. “आजोबा, आज कोणता शब्द?”

“अजून तुझाच आहे,” गुरुजी म्हणाले.

“म्हणजे माझ्यामुळं बंदच पडलं की हो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलम्मा दूध घेऊन आल्या. त्यांनी कॅन ठेवले, माझ्याकडं पाहिलं आणि कमरेला हात लावले.

“किती दिस त्येच त्ये? भिताडसुदा कटाळलं आसल!” आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी पदराचं टोक दुधाच्या भांड्याखालच्या पाण्यात बुडवलं आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढलं.

“अहो नीलम्मा!” गुरुजी ताडकन उठले. शिवकांताबाईंच्या हातातलं सूप खाली आलं.

“आता सांगा बगू. काय हुतं?”

गुरुजी चिडले होते. पण रीत ती रीत. त्यांनी डोळे मिटले. मलाही भीती वाटली.

“तो मन्नायो,” ते हळूच म्हणाले.

“हाय न्हवं ध्येनात? मग गेलं कुटं त्ये? आता माझं लिवा. पाण्याला आमी नीरु म्हन्तो.”

गुरुजींनी खडू उचलला. त्यांनी लिहिलं, ‘नीरु’. नीलम्मांना वाचता येत नाही. तरी त्या कॅन उचलायचं सोडून बराच वेळ त्या शब्दासमोर उभ्या राहिल्या.

मित्रांनो, आता मी फार जुना झालो आहे. समोरच्या पांढऱ्या फळ्याचा मला अजूनही मत्सर वाटतो. तो जाईल असं वाटत नाही. पण तुमच्या घरी, शाळेत माझा एखादा भाऊबंद भिंतीला असेल तर त्याच्यासाठी एवढं करा. त्याच्यावर ओले कपडे वाळत घालू नका. कधीमधी पाला-कोळसा लावा. आणि त्याच्यावरचा शब्द कितीही आवडता असला तरी संध्याकाळी तो पुसा. ओल्या फडक्यानं, हलक्या हातानं. सकाळी डोळे मिटून आठवून पाहा, आणि मग नवा लिहा. अगदी उगीच लिहिला तरी चालेल.

आज ‘नीरु’च्या पाठीमागं, ऊन तिरपं आलं की, ऋतुजाचा एक गोल अजून पुसट दिसतो.