रिफ्याच्या खोलीतली हद्दपारी

१९७८च्या उन्हाळ्यात बहारीनमधल्या रिफ्यात बंगले बांधणाऱ्या एका कंत्राटदाराची सहा कोकणी माणसं एका खोलीत राहत होती, आणि त्या सहाजणांना ग्रीक पुढाऱ्यांशिवाय दुसरा विषय नव्हता. हसू नका. टीव्ही नाही, बायको जवळ नाही, बाहेर ऊन जीव नकोसा करणारं. मग माणसानं करावं काय? दाजी सुतारानं कुठल्याशा रद्दीतून इतिहासाचं एक जुनं पुस्तक पैदा केलं होतं, पहिली चाळीस पानं गेलेलं. जेवणं झाली की तो ते मोठ्यानं वाचायचा.

मग वाद पेटायचा. प्लास्टर करणारा महमूद पेरिक्लीसचा माणूस. "तेना देवळां बांधली, ती अजून उभी आसत. बाकीच्यांचा काय उरला, सांग!" शंभू रंगारी शिकंदराचा भक्त. शिकंदराची गलबतं या बहारीनच्या बेटापर्यंत येऊन गेली होती, हे कळल्यापासून तर तो शिकंदराला गाववालाच समजायचा. दाजीचा जीव मात्र अरिस्टायडीसवर. पुस्तक हातात असलं की दाजी बोलायचाही पुस्तकी. "थेमिस्टोक्लीस हुशार, आरमार त्यानं उभारलं, कबूल. पण हात स्वच्छ नव्हते. अरिस्टायडीस! लोक त्याला न्यायी म्हणत!"

कोपऱ्यात शिवदास गवंडी तंबाखू मळत बसलेला असे. त्याचा प्रत्येक पुढाऱ्याबद्दल एकच प्रश्न. "तेना आपल्या माणसांका रजा दिली?" अरिस्टायडीसच्या रजेबद्दल पुस्तक गप्प होतं. शिकंदरानं मात्र नवी लग्नं झालेल्या शिपायांना हिवाळ्यात घरी धाडलं होतं. दाजीनं ते जड मनानं वाचून दाखवलं, आणि खलास! पेरिक्लीसला सोडून महमूदसुद्धा तिकडे पळाला.

आणि नेमका रजेचाच प्रश्न आला. फोरमननं गुरुवारी सांगितलं, या खोलीतून एकालाच सोडणार, दोन महिने. शनिवारी सकाळी एक नाव द्या. नाही दिलंत तर मफी, कोणालाच नाही.

झालं! सहाजण सहा तोंडांनी बोलू लागले. दाजीची पोरगी दीड वर्षांची झाली होती आणि त्यानं ती फक्त फोटोत पाहिली होती. पण शंभूच्या आवाजापुढे कुणाचं काय चालणार? शेवटी पुस्तक चाळताना दाजीलाच तोड सुचली.

"अथेन्समध्ये मतदान व्हायचं. फुटक्या खापरावर नाव लिहायचं. ज्याच्या नावाची खापरं जास्त, तो दहा वर्षं हद्दपार."

"हयसून हद्दपार केलो काय माणूस सरळ घराक!" महमूद ओरडला, आणि सगळे खूश. एरवी माणूस दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडायला बघतो. इथे प्रत्येकाला ते आपल्याच डोक्यावर हवं होतं.

शुक्रवारी दुपारी चीर गेलेला माठ फोडला. दाजीची जाड सुतारी पेन्सिल हातोहात फिरली. दाजीनं भिंतीकडे तोंड करून आपलं नाव लिहिलं, आणि तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. अरे, सगळेच आपापलं लिहिणार! सहा खापरं, सहा नावं, घरी कोणीच नाही. आता फक्त एक खापर जास्तीचं मिळालं, तर पोरगी मांडीवर.

तेवढ्यात शिवदासनं आपलं खापर पुढे केलं. "माझा नाव लिव रे. माका लिवक येणा नाय, तुका म्हायत आसा." मग जरा ओशाळून म्हणाला, "हयसर लोकांचे बंगले बांधतंय, आणि घरचो ओटो परक्या गवंड्यान वाकडो बांधून ठेवलो. माका सरळ करूचो आसा."

आता गंमत बघा. पुस्तकात अगदी अशीच हकीकत होती. एका अडाणी माणसानं खुद्द अरिस्टायडीसला गाठून, त्याला न ओळखता, खापरावर अरिस्टायडीसचंच नाव लिहायला सांगितलं, आणि त्या भल्या माणसानं निमूट आपलं नाव लिहून दिलं. हा भाग दाजीनं एकट्यानं वाचला होता, खोलीत मोठ्यानं नाही. सगळ्यांना वाचून दाखवला असता तर निदान आता लाज तरी वाटली असती.

त्यानं लिहिलं, "दाजी." अक्षर सुरेख आलं.

शंभू मोजायला बसला. शंभू एक. महमूद एक. पुढची दोन नावं, एकेक. दाजी एक. दाजी दोन. संपलं.

मेल्यानं डोकं चालवलं खरं, पण अर्धंच! शिवदासचं नाव एकाही खापरावर नाही, आणि त्याला लिहून कोण देतं हे सगळ्यांना ठाऊक. पाच तोंडं दाजीकडे वळली.

"मीच सांगलंय तेका, तुझाच नाव लिव म्हणान," शिवदास शांतपणे म्हणाला. "तेचा चेडू दीड वर्साचा झाला. तेना अजून बघूक नाय."

शंभूनं मान डोलावली. "बरा केलंस." झालं, दाजी जिंकला. दोन महिने, पोरगी, घर, सगळं त्याच्या पदरात पडलं, आणि त्याला ते क्षणभरही धरवेना.

"खोटा बोलता तो!" दाजी किंचाळला. "तेचा नाव लिव म्हणालो होतो. मी माझा लिवलंय. मी!"

त्यावर शंभूनं ज्या शिव्या हासडल्या त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. दाजीनं त्या खाली मान घालून ऐकल्या. मग दोन्ही खापरांवरचं आपलं नाव अंगठ्यानं पुसलं आणि दोन्हींवर लिहिलं, शिवदास. शंभूनं ती स्वतः वाचून बघितली, महमूदनंही बघितली. आता दाजीच्या शब्दावर कोण भरवसा ठेवणार?

गर्दी पांगल्यावर दाजीनं शिवदासला हळूच विचारलं, "तू कित्याक खोटा बोललंस माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी खय?" शिवदास तंबाखू झटकत म्हणाला. "माझ्या घरची पत्रां तूच वाचतंस मरे. तू लबाड म्हणान ठरलंस, तर माझ्या बायलेन दोन वर्सां काय काय लिवलेला, ता मी आता खरा कसा मानू?"