यित्काबाईंच्या घरातली खालची खोली

अण्णांना कशालाही पहिल्या विचारण्यात 'हो' म्हणता येत नसे. चहा विचारला तर 'नको', पुन्हा विचारला तर 'कशाला उगाच', आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर 'बरं, अर्धा कप टाक'. त्यांच्या सुनेला, विभावरीला, याचं काहीच वाटत नसे. तिच्या सांगलीच्या माहेरी हेच चालायचं. पाहुण्यानं पहिल्या फटक्यात लाडू उचलला तर तिची आई त्याच्याकडे जरा संशयानंच बघायची. म्हणून ऑकलंडला, माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरातही, विभावरी अण्णांचा पहिला नकार खुशाल कानाआड करी.

दोन हजार पाचच्या जून महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. काचबिंदू पुढे गेलाय, असलेली नजर फार तर वर्षभर टिकेल. आजोबांना काही बघायचं असेल तर आत्ताच दाखवा. अण्णांनी डॉक्टरांचे आभार मानले, टोपी घातली आणि चारुदत्ताचा, म्हणजे मुलाचा, हात धरून ते गाडीत येऊन बसले.

"अण्णा, प्रागला जाऊ या का?" विभावरीनं वाटेतच विचारलं.

पिंपरीच्या कारखान्यानं तरुण अण्णांना वर्षभर शिकायला प्रागला पाठवलं होतं, एकोणीसशे चौसष्ट साली. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी म्हणून जगलेलं तेवढं एकच वर्ष. दर रविवारी ते तिथल्या जुन्या दगडी पुलावर फिरायला जात. पुलावर दोन्ही बाजूंना काळे पडलेले संतांचे पुतळे. नात सिद्धी लहान असताना तिला झोपवताना ते राजाराणीऐवजी त्या पुतळ्यांच्याच गोष्टी सांगत.

"नको गं," अण्णा म्हणाले. "तुमच्या रजा, एवढा लांबचा प्रवास, त्यात म्हातारा गळ्यात."

"ओके, सो आजोबा डझन्ट वॉन्ट टू गो," मागच्या सीटवरून सिद्धीनं निकाल दिला. ती इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळे, फक्त मराठी माणसांचा नकार कळत नसे.

"सप्टेंबरात तिथे हवा मात्र छान असते," अण्णा खिडकीकडे बघत हळूच म्हणाले. विभावरीला तेवढं पुरे होतं.

तिला अण्णांसाठी हे करायचंच होतं. सासूबाई गेल्यावर अण्णा पुण्यातला आपला कट्टा, टेकडी, मित्र सगळं सोडून इथे आले, ते तिच्या एका फोनवर. सिद्धी तेव्हा तान्ही, चारुदत्ताची माउंट वेलिंग्टन उपनगरातली नोकरी नवी, आणि विभावरीला इथे शिक्षिका व्हायचं तर पुन्हा कॉलेजात जाणं भाग होतं. अण्णांनी नातीची बाटली, लंगोट, बाबागाडी सगळं केलं. थंडीत कुडकुडत तिला बागेत नेलं. एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. विभावरीच्या मनात कितीदा यायचं, की अण्णा नसते तर आपण आज कुठे असतो? पण सासऱ्यांना 'थँक यू' म्हणायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बेत ठरला तो सिद्धीच्या सप्टेंबरच्या सुट्टीतला. तिकिटं मिळत होती, अडलं ते राहण्यावर. अण्णांचा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे राहण्याची सोय झाल्याचं पत्र जोडल्याशिवाय व्हिसा नाही. पुलाजवळच्या जुन्या घरांत अंधारे गोल जिने. ते चढताना अण्णांचा पाय चुकला तर संपलंच. गावाबाहेरच्या मोठ्या हॉटेलांत लिफ्ट होती, पण तिथून रोज ट्रॅम बदलत यायचं म्हणजे अण्णांची सगळी शक्ती रस्त्यातच जायची. विभावरी रोज संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे बसे आणि रोज तेच उत्तर येई. तळमजला नाही, सप्टेंबर भरलेला.

शेवटी एक घरगुती पेन्शन, म्हणजे पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देणारं घर, सापडलं, पुलापासून अगदी हाकेच्या अंतरावर. मालकीण यित्काबाई. डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, फोनकार्ड आणून विभावरीनं सकाळी शाळेला निघायच्या आधी फोन लावला. तिकडे आदल्या दिवसाची रात्र होत होती.

"तळमजल्यावर पाहुण्यांसाठी एकच खोली आहे," यित्काबाई इंग्रजीत म्हणाल्या. "सप्टेंबरात तिथे माझी बहीण येते. पण मी तिला वरच्या खोलीत जायला सांगू शकते. सांगू का?"

विभावरीचा जीव भांड्यात पडला. आणि त्याच आनंदात ती म्हणाली, "छे छे, नको! त्यांना कशाला त्रास? आम्ही बघू काहीतरी."

आता बाई म्हणतील, अहो त्रास कसला, याच तुम्ही. विभावरी वाट बघत राहिली.

"बरं," यित्काबाई म्हणाल्या. "शुभेच्छा." आणि फोन बंद झाला.

विभावरी रिसीव्हरकडे बघतच राहिली. पुढचे काही दिवस ती ई-मेल उघडून बघत होती. कुठलंही भलं माणूस निदान एकदा तरी पुन्हा विचारतंच की!

"ती बाई विचारेल गं," विभावरी जेवताना म्हणाली.

"पण मम्मी, यू सेड नो!" सिद्धी म्हणाली.

"नाही म्हणजे काय अगदीच नाही नव्हतं ते!"

चारुदत्त हसला, पण मग गंभीर झाला. "विभा, कागद ऑस्ट्रेलियातल्या चेक वकिलातीला पाठवायचेत. या आठवड्यात सोय झाली नाही तर व्हिसा हातात पडायचा नाही. पुढच्या वर्षी बघू या."

"पुढच्या वर्षी काय बघतील रे ते?" विभावरीचा आवाज चढला. अण्णा आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. स्वतःच्या जिभेचा तिला असा राग आला होता की जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा फोन लावला. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, ते सगळं विसरली.

"यित्काबाई, मी तेव्हा नको म्हटलं, ते तसं नव्हतं. आमच्याकडे आधी नको म्हणतात. मग समोरचा आग्रह करतो. मग आम्ही हो म्हणतो."

यित्काबाईंनी विचारलं, "आणि समोरच्यानं आग्रह केला नाही तर?"

"तर आम्ही उपाशी राहतो," विभावरी म्हणाली, आणि तिला रडूच आलं. "मला ती खोली हवी आहे. माझे सासरे तरुणपणी तुमच्या गावात राहिलेत. त्यांची नजर चालली आहे. मला त्यांना तो पूल दाखवायचाय. त्यांनी माझ्यासाठी फार केलंय हो." आयुष्यात इतकं उघडं तिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"बहिणीला मी खोली कबूल करून बसले," यित्काबाई म्हणाल्या. "वरच्या खोल्याही भरल्या." मग म्हणाल्या, "माझी स्वतःची खोली स्वयंपाकघरामागे आहे. खालीच. ती तुमच्या सासऱ्यांना देते. मी बहिणीजवळ झोपेन. लहानपणानंतर आम्ही एका पलंगावर झोपलेलो नाही, भांडू बहुतेक. तुम्हा तिघांना बैठकीत गाद्या घालते. हवंय?"

'छे छे, तुमची खोली कशी घेणार' हे अगदी ओठांवर आलं होतं. विभावरीनं ते गिळलं.

"हो," ती म्हणाली. "हवंय. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

"पत्र आजच पाठवते. तो म्हातारा जवळ असेल तर द्या त्याला. कुठे राहत होता ते तरी विचारते."

अण्णा चहाचा कप घेऊन दारातच उभे होते. बाईंनी आपली खोली देऊ केलीय म्हटल्यावर ते काय म्हणतील, हे तिला अक्षर न् अक्षर ठाऊक होतं. आणि यित्काबाई दुसऱ्यांदा विचारणाऱ्यांतल्या नव्हत्या. तिनं अण्णांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

अण्णांनी घसा खाकरला. रिसीव्हरमधून यित्काबाईंचा प्रश्न बाहेरही ऐकू आला, खोली चालेल ना? मग कारखान्यातून साहेबाला पत्र लिहीत असावेत तशा इंग्रजीत, एकेक शब्द सावकाश उच्चारत ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही देऊ केलेली खोली मी स्वीकारतो. मला यायचं आहे. फार दिवसांपासून यायचं आहे."

फोन ठेवून त्यांनी चाचपडत विभावरीचं मनगट धरलं.

"तू होतीस म्हणून गं," ते म्हणाले.

"आणि तुम्ही होतात म्हणून अण्णा," ती म्हणाली. शाळेला उशीर होत होता, तरी दोघं तिथेच उभे राहिले.