बुधवारी बारा ते एक

जिजाचं डोकं रविवारपासूनच तापलं होतं.

तीन गावांच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी मिळून वर्ध्याच्या देवळात आठवडाभर अखंड प्रार्थना करायचं ठरवलं होतं. सतरंजीवर दिवसरात्र कुणी ना कुणी प्रार्थनेत असलंच पाहिजे. नियम एकच. पुढच्यानं येऊन शेजारी बसायचं, खांद्यावर हात ठेवायचा, तेव्हाच आधीच्यानं उठायचं. ही साखळी तुटली तर सगळं पहिल्यापासून! दाराला तक्ता लागला, तासातासाला एकेक नाव.

जिजाची आई सखू देऊळ झाडायची. तिनंही एक तास मागितला. तक्ता लिहिणारे मधुकरराव, वर्ध्याच्या मंडळीचे वडील म्हणजे कारभारी, हसले.

"तू तर गोंडीत प्रार्थना करतं, सखू. कोनाले समजन? तू आपला झाडू सांभाळ."

सगळे हसले. आईसुद्धा हसली! जिजाला त्याचाच जास्त राग आला होता.

बुधवारी मधल्या सुट्टीत ती आईबरोबर भाकर खायला शाळेतून धावत आली, तर देवळाच्या पायऱ्यांवर ही गर्दी! मध्ये मधुकरराव आणि हिंगणघाटच्या मंडळीचे नत्थूजी, दोघांचे आवाज टिपेला. बारा ते एक नत्थूजींचा तास. ते आपल्या रीतीप्रमाणे मांडी घालून बसले. मधुकररावांचा तास एकचा, पण ते आले लवकर आणि म्हणाले, गुडघे टेका. नत्थूजी म्हणाले, माहे गुडघे, माहा देव. झालं! भांडत भांडत दोघंही बाहेर.

"तुमच्यापायी साखळी तुटली!"

"माह्यापायी? मले उठवलं कोनं?"

"आता सोमवारपासून केलेलं सारं वाया!"

जिजानं दारातून डोकावलं आणि तिचे डोळेच विस्फारले. सतरंजी रिकामी नव्हती. झाडू बाजूला ठेवून, डोक्यावर पदर घेऊन आई गुडघ्यांवर बसली होती. चुलीपाशी बसून धाकट्या भावाची समजूत घालावी, तशी ती देवाशी गोंडीत बोलत होती.

"तुटली कुठी?" जिजा ओरडली. "माही माय बसली हाय ना आत!"

मधुकररावांनी आत पाहिलं. "तिचं नाव हाय का तक्त्यावर? सखू, ऊठ. झालं तुहं."

आई उठली नाही. डोळेही उघडले नाहीत.

"अशी कशी उठन ते? खांद्यावर हात ठेवा ना!"

मधुकरराव जागचे हलेनात. हात ठेवला म्हणजे सखूचा तास खरा मानला. एकचा टोला पडला. तिकडे शाळेची घंटा झाली. आई अजून गुडघ्यांवरच, तरी हे महाशय धोतराचा सोगा धरून उंबऱ्यातच! जिजाच्या कानशिलांतून जाळ निघाला.

"आता तुमचा तास चालू झाला, काकाजी! अन् तुम्ही काऊन दारात उभे? माय उठली तर साखळी आता तुटन, अन् तोडनारे तुम्ही असान. साऱ्यांले तुम्हीच सांगजा मंग!"

"पोरगी खरं बोलून राह्यली," नत्थूजी खुशीत म्हणाले. "उठताना माह्या खांद्याले कोनाचा तरी हात लागलता."

"तुम्ही तर बोलूच नका! सतरंजी सोडून भांडाले कोन गेलतं?"

नत्थूजी एक पायरी खाली सरकले.

मधुकरराव पाय आपटत आत गेले. शेजारी बसले. विंचवाला शिवावं तशी दोन बोटं सखूच्या खांद्याला लावली.

आई तशीच. मग डोळे मिटूनच मराठीत म्हणाली, "हात नीट ठेवा, साहेब. मले समजला पाहिजे."

नत्थूजी खोकले. मधुकररावांची मान लालेलाल झाली. त्यांनी पंजा ठेवला, अख्खा. तेव्हा आई जिजाचा हात धरून उठली.

दाराशी जिजानं दप्तरातून टाक आणि दौत काढली. बारा ते एकच्या घरातलं नत्थूजींचं नाव खोडून तिनं नवं नाव लिहिलं. टाक इतका दाबला की कागद फाटला. फाटू दे!

"शाळा बुडाली ना तुही?" आई म्हणाली. "अन् हे काय लिवलं?"

"तुहं नाव."

"वाच बरं."

आत मधुकररावांची प्रार्थना नुकती सुरू झाली होती. जिजानं छाती भरून श्वास घेतला आणि देवळाच्या पार त्या टोकाला ऐकू जाईल असं वाचलं.